टेनिस कोर्टावरून राजकारणात : पेस, सॅफिन, अलेक्झांडर आणि ‘आपला माणूस’ हा प्रश्न

टिळकवाडीकर

२०२२ च्या जानेवारीत गोव्याच्या विधानसभा निवडणुकीचा प्रचार ऐन भरात होता. बेळगावहून भाजीचा टेंपो घेऊन पहाटेच चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्या माझ्या मावसभावाने त्या दिवसांत मला विचारले, “दादा, तो टेनिसवाला पेस गोव्याचा कधीपासून झाला हो?” मी त्याला सांगितले की लिअँडर पेस यांचा जन्म कोलकात्याचा असला तरी त्यांचे वडील वेस पेस मूळचे गोव्याचे होते आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघातून ते खेळले होते. त्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “वडलांच्या गावावरून माणूस तिथला ठरतो, तर मग आपला सीमाभागातल्या मराठी माणसांचाच हिशेब एवढी वर्षे का लागत नाही?” मला उत्तर सुचले नाही, आणि त्याला त्याची अपेक्षाही नसावी, कारण त्याने लगेच कोथिंबिरीच्या भावाचा विषय काढला.

हा धागा त्याच प्रश्नातून सुचला आहे. पेस यांनी २९ ऑक्टोबर २०२१ रोजी गोव्यात ममता बॅनर्जी यांच्या उपस्थितीत तृणमूल काँग्रेसमध्ये प्रवेश केला. दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून १८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे, १९९२ ते २०१६ अशा सलग ७ ऑलिंपिक स्पर्धा आणि डेव्हिस चषकात दुहेरीचे ४५ विजय असा पट असलेला माणूस निवडणुकीच्या तीन-साडेतीन महिने आधी एका पक्षाचा चेहरा होतो, आणि १० मार्च २०२२ रोजी निकाल लागतो तेव्हा त्या पक्षाला गोव्यात एकही जागा मिळालेली नसते. मित्रपक्ष असलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला मात्र दोन जागा मिळाल्या, म्हणजे ज्यांची मुळे तिथल्या मातीत आधीच होती त्यांना काहीतरी मिळाले.

मला हे अपयश एकट्या पेस यांच्या खात्यावर मांडायचे नाही. गोव्यात तो पक्षच नवखा होता आणि मतदारांपुढे इतर पर्याय होते. माझा प्रश्न वेगळा आहे. व्यावसायिक टेनिसपटूचे आयुष्य हे जगातले बहुधा सर्वांत बेगाव आयुष्य असते. तो दर आठवड्याला नव्या शहरात, नव्या हॉटेलात असतो, त्याच्या क्रमवारीला गाव नसते. असा माणूस ज्या धंद्यात गाव, गल्ली आणि वॉर्ड यांशिवाय पान हलत नाही त्या धंद्यात येतो तेव्हा त्याच्या जवळ कीर्तीखेरीज उपयोगी पडेल असे नेमके काय असते? रशियाचे मरात सॅफिन आणि ऑस्ट्रेलियाचे जॉन अलेक्झांडर ही आणखी दोन नावे माझ्यासमोर आहेत. जाणकारांनी भर घालावी.

निपाणीकर

सॅफिन हा माझ्या पिढीचा खेळाडू असल्यामुळे त्यांच्याविषयी दोन शब्द लिहितो. २० वर्षांचे असताना त्यांनी २००० च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पीट सॅम्प्रस यांना ६-४, ६-३, ६-३ असे सरळ हरवले, आणि ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना सॅम्प्रस यांची सर्व्हिस कोणी इतक्या सहजपणे परतवू शकतो यावर विश्वास बसला नव्हता. २००५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य सामन्यात त्यांनी फेडरर यांना पाचव्या सेटमध्ये ९-७ असे हरवले आणि पुढे लेटन ह्युइट यांना नमवून दुसरे ग्रँड स्लॅम जिंकले. या दोन शिखरांच्या मध्ये दुखापती होत्या, रागाच्या भरात मोडलेल्या रॅकेट्स होत्या आणि ‘एवढी गुणवत्ता असून हा माणूस करतो काय’ असा सगळ्यांचा सूर होता. २००९ मध्ये ते निवृत्त झाले आणि डिसेंबर २०११ मध्ये युनायटेड रशिया या सत्ताधारी पक्षातर्फे रशियाच्या संसदेचे, म्हणजे दूमाचे, सदस्य झाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. २०११ च्या त्या निवडणुकीत दूमाच्या सर्व ४५० जागा पक्षांच्या यादीतून भरल्या गेल्या होत्या. मतदाराने सॅफिन यांच्या नावापुढे शिक्का मारलेला नव्हता, त्याने पक्षाला मत दिले होते. सॅफिन मॉस्कोचे, पण यादीत त्यांची जागा निझनी नोवगोरोद या प्रदेशाच्या गटात होती. आपल्याकडे एखाद्याला चिकोडीतून तिकीट मिळाले की तो कोणत्या गावचा, त्याचे आजोळ कुठले, त्याचा पावणा कोण, ही चौकशी अर्ज भरायच्या आधी पूर्ण झालेली असते. यादीच्या पद्धतीत ही चौकशी होत नाही, आणि म्हणून माणूस जितक्या अलगद आत येतो तितक्याच अलगद बाहेर पडतो. २०१७ मध्ये त्यांनी सदस्यत्व सोडले. त्यांच्या जाण्याने निझनी नोवगोरोदमध्ये कोणाची चूल विझली असेल असे मला वाटत नाही.

त्याआधी २०१६ मध्ये त्यांचा समावेश आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये झाला. संसदेत बसलेला सदस्य तिथे सत्कार घेतो, तोही खेळाडू म्हणून, हे त्या माणसाच्या दोन आयुष्यांतले खरे कोणते, ते पुरेसे सांगून जाते.

गुरुजी (निवृत्त)

टिळकवाडीकरांनी अलेक्झांडर यांचे नुसते नाव घेतले आहे. माझ्या मते या विषयात खरे शिकण्यासारखे प्रकरण तेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जॉन अलेक्झांडर यांचा जन्म १९५१ चा. ऑस्ट्रेलियन ओपनचे दुहेरीचे विजेतेपद त्यांनी १९७५ आणि १९८२ असे दोनदा मिळवले आणि १९७७ मध्ये डेव्हिस चषक जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियन संघात ते होते. पुढे त्यांनी दूरचित्रवाणीवर समालोचन केले. २०१० मध्ये लिबरल पक्षाने त्यांना सिडनीजवळच्या बेनेलाँग या मतदारसंघातून उभे केले. हा मतदारसंघ साधा नव्हता. माजी पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी तिथून तब्बल ३३ वर्षे प्रतिनिधित्व केले होते आणि २००७ मध्ये मॅक्सिन मॅक्यू या पत्रकार बाईंनी पंतप्रधानपदावर असलेल्या हॉवर्ड यांना तिथेच पाडले होते. अलेक्झांडर यांनी ती जागा मॅक्यू यांच्याकडून परत घेतली आणि २०२२ पर्यंत राखली. बारा वर्षांच्या या काळात ते कधी मंत्री झाले नाहीत. शहरे, पायाभूत सुविधा, वेगवान रेल्वे, सामान्य माणसाला न परवडणारी घरे असे कोरडे वाटणारे विषय घेऊन ते संसदीय समित्यांमध्ये काम करत राहिले. बेनेलाँगमध्ये चिनी आणि कोरियन वंशाच्या लोकांची वस्ती मोठी आहे, आणि या टेनिसपटूने तिथल्या शाळांमध्ये टेबल टेनिस रुजवण्याचा उपक्रम हाती घेतला, ही मला त्यांच्या एकूण राजकारणातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. आपला खेळ बाजूला ठेवून लोकांचा खेळ धरणे सगळ्यांना जमत नाही.

आता मुख्य गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतील कलम ४४ नुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व असलेली व्यक्ती संसदेची सदस्य राहू शकत नाही. २०१७ मध्ये या कलमावरून एकामागून एक सदस्य अडचणीत आले, आणि त्यांत अलेक्झांडर यांचीही पाळी आली. त्यांचे वडील इंग्लंडमध्ये जन्मलेले होते आणि लहान वयातच ऑस्ट्रेलियात आले होते. वारशाने आलेले ब्रिटिश नागरिकत्व आपल्या अंगाला चिकटून राहिले असण्याची शक्यता पुढे येताच त्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिला. ज्याने ऑस्ट्रेलियाच्या वतीने डेव्हिस चषक खेळला, त्यालाच तू पुरता ऑस्ट्रेलियन आहेस का, असे विचारले गेले. १६ डिसेंबर २०१७ रोजी पोटनिवडणूक झाली. समोर न्यू साउथ वेल्स राज्याच्या माजी मुख्यमंत्री क्रिस्टिना केनीली उभ्या होत्या. अलेक्झांडर दोन पक्षांतील अंतिम मोजणीत सुमारे ५५ टक्के मते घेऊन पुन्हा निवडून आले.

मी आयुष्यभर सीमाभागातल्या मराठी शाळेत शिकवले. माझ्या वर्गातली मुले १ नोव्हेंबरला काळा दिवस म्हणून हाताला काळी फीत बांधलेल्या आपल्या वडिलांना पाहत मोठी झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बापाचे गाव कोणत्या बाजूला पडले यावर मुलाची ओळख ठरते आणि त्यावर मुलाचे काही चालत नाही, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. अलेक्झांडर यांच्या प्रकरणात मला हेवा वाटतो तो एवढ्याचाच की वडिलांच्या जन्मगावावरून उभा राहिलेला प्रश्न मतदारांपुढे गेला आणि एका महिन्यात त्याचे उत्तर मिळाले. आपल्या सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राने केलेला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

खानापूरची लेक

गुरुजी, नमस्कार. तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून थोडा वेळ काही लिहावेसे वाटले नाही.

तरीही एक निरीक्षण मांडते. अलेक्झांडर आणि पेस हे दोघेही मुख्यतः दुहेरीचे खेळाडू म्हणून लक्षात राहिले, तर सॅफिन हा पूर्णपणे एकेरीचा माणूस. राजकारण हा दुहेरीचा खेळ आहे, असे मला वाटते. जोडीदाराने केलेली चूक आपल्या खात्यावर पडते, तरी त्याच्याकडे पाहून हात पुढे करावा लागतो. पेस यांनी हे कसब वर्षानुवर्षे दाखवले, कधी महेश भूपती यांच्याबरोबर, कधी परदेशी जोडीदारांबरोबर, तर मिश्र दुहेरीत मार्टिना नवरातिलोव्हा आणि मार्टिना हिंगिस यांच्याबरोबर. १९९९ मध्ये पेस आणि भूपती ही जोडी चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोचली होती आणि त्यांतील फ्रेंच आणि विम्बल्डन त्यांनी जिंकले होते.

परंतु याच माणसाबरोबर लंडन २०१२ साठी खेळायला भूपती आणि आपल्याच कर्नाटकातले कोडगूचे रोहन बोपण्णा या दोघांनी नकार दिला, आणि अखेरीस पेस यांना क्रमवारीत बरेच खाली असलेल्या विष्णू वर्धन यांच्याबरोबर उतरावे लागले. त्या वादात कोण बरोबर होते हा प्रश्न मी इथे काढत नाही. म्हणायचे एवढेच की कोर्टावर जोडीदाराची चाल ओळखणे निराळे आणि कोर्टाबाहेर चार माणसे सांभाळणे निराळे. राजकारणात कामाला येते ते दुसरे.

जाता जाता एक सांगते. त्या निवडणुकीच्या काळात आमच्या घरी ‘गोव्यात टीएमसी’, म्हणजे तृणमूल काँग्रेस, अशी बातमी लागली की माझे वडील कान टवकारायचे. कणकुंबीच्या बाजूला टीएमसी म्हणजे अब्ज घनफुटांत मोजलेले पाणी, दुसरे काही नाही. म्हादई नदीच्या पाणीतंट्यावरील लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले, त्यातले कळसा-भांडुरा प्रकल्पातून वळवायचे किती, हा आमच्याकडचा रोजचा विषय. गोव्यात जाऊन टीएमसीचा झेंडा हाती घेणारा पेस हा वडिलांना काही दिवस पाणीतंट्यातला नवा पक्षकारच वाटत होता.

कॅम्पातला जुना

एक दुरुस्ती सुचवतो. डेव्हिस चषकाचा उल्लेख वरती तीन वेळा आला, पण तो ज्याच्या नावाचा आहे तो ड्वाइट डेव्हिस स्वतःच राजकारणात गेलेला टेनिसपटू होता, हे कोणी म्हटले नाही. १८९९ ते १९०१ या काळात अमेरिकेचे दुहेरीचे विजेतेपद त्याने तीनदा मिळवले, १९०० मध्ये चषक दिला, १९२५ ते १९२९ या काळात तो अमेरिकेचा युद्धमंत्री होता आणि नंतर १९३२ पर्यंत फिलिपिन्सचा गव्हर्नर जनरल. अर्थात तो व्यावसायिक नव्हता. १९६८ पूर्वी मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंच्याच असत, त्यामुळे धाग्याच्या विषयात तो काटेकोरपणे बसत नाही. घरचा पैसा असलेला हौशी खेळाडू मंत्री होतो यात त्या काळी कोणाला नवलही वाटले नसावे. आमच्या कॅम्पातल्या टेनिस कोर्टांवरही कधीकाळी साहेब लोकच खेळत, बाकीचे चेंडू वेचत.

वडगावची वाचक

इतकी चर्चा झाली आणि एकाही बाईचे नाव आले नाही, म्हणून लिहिते. इंडोनेशियाच्या यायुक बासुकी या १९९७ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेल्या होत्या आणि एकेरीच्या क्रमवारीत पहिल्या २० जणींत होत्या. २०१४ मध्ये त्या आपल्या देशाच्या संसदेवर निवडून गेल्या. त्यांच्याविषयी आपल्याकडे कोणी लिहीत नाही, कारण त्यांनी रॅकेट मोडल्या नाहीत.

शहापूरकर

मला या संपूर्ण चर्चेतल्या एका गृहीतकाविषयी तक्रार आहे आणि ती स्पष्ट मांडतो. खेळाडू राजकारणात आला की आपण त्याला परीक्षेला बसवतो : तुझी पात्रता काय, तुझे गाव कोणते, तू टिकणार किती दिवस? हेच प्रश्न आपण आपल्या जिल्ह्यातल्या इतर उमेदवारांना किती वेळा विचारतो? बेळगाव जिल्ह्यात आमदारकीचा रस्ता साखर कारखाना, जिल्हा बँक आणि शिक्षण संस्था या तीन चौकांतून जातो, मग माणूस कोणत्याही पक्षाचा असो आणि कोणतीही भाषा बोलणारा असो. ज्याच्या हाती उसाचे बिल, कर्जाची सही आणि नोकरीची ऑर्डर, त्याला पात्रता विचारायची हिंमत कोणात आहे? खेळाडूची कीर्ती निदान त्याने स्वतः घाम गाळून कमावलेली असते आणि ती कोणाच्या बिलातून कापून घेतलेली नसते.

१९९६ मध्ये अटलांटाला पेस यांनी ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनी यांना पहिला सेट गमावल्यानंतर ३-६, ६-२, ६-४ असे हरवून कांस्यपदक मिळवले. मनगट दुखावलेले होते. एकेरीच्या क्रमवारीत पेस तेव्हा पहिल्या शंभरातही नव्हते, म्हणून तर ते पदक कोणाच्या हिशेबात नव्हते. १९५२ मध्ये हेलसिंकीला आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलेल्या कांस्यानंतर ४४ वर्षांनी भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक होते. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकले होते आणि पदक घेऊन आलेला हा पैलवान पुढे पोलीस खात्यात फौजदार झाला. त्यांना कोणी तिकीट दिले नाही. आमच्या तालमीत आजही त्यांचा फोटो मारुतीच्या शेजारी आहे. असा माणूस उभा राहिला असता तर मी त्याचे गाव विचारले नसते.

निपाणीकर

शहापूरकर, मुद्दा मान्य, पण अर्धाच. घामाने कमावलेली कीर्ती प्रामाणिक असते, हे खरे. परंतु ती कीर्ती पक्ष उधार घेतो आणि निवडणूक झाली की परत करत नाही, हेही तितकेच खरे. रुमानियाच्या इली नस्तासे यांनी १९७२ मध्ये अमेरिकन आणि १९७३ मध्ये फ्रेंच विजेतेपद जिंकले, संगणकीय क्रमवारीतला जगातला पहिला अव्वल पुरुष खेळाडू होण्याचा मान त्यांचा आहे, आणि तरीही १९९६ मध्ये ते बुखारेस्टच्या महापौरपदाची निवडणूक हरले. ज्यांनी त्यांना हरवले ते व्हिक्टर चोर्बिया त्याच वर्षी पंतप्रधान झाले. घराघरात ठाऊक असलेले नाव घरातल्या माणसांची मते आणतेच असे नाही. गोव्यात पेस यांचे नाव तर मतपत्रिकेवरही नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या पेस यांना, आणि मत द्यायची वेळ आली तेव्हा यंत्रावर दुसरीच नावे होती.

टिळकवाडीकर

सर्वांचे आभार. गुरुजींनी अलेक्झांडर यांची हकीकत लिहिल्यामुळे माझा मूळ प्रश्न थोडा बदलला आहे. बेगाव आयुष्य जगलेल्या माणसाला मतदारसंघ सांभाळता येईल का, असे मी विचारले होते. अलेक्झांडर यांनी एकच मतदारसंघ बारा वर्षे धरून ठेवला आणि त्यामुळे वडिलांच्या जन्मगावाचा प्रश्न आला तेव्हा तिथल्या लोकांकडे त्याचे उत्तर तयार होते. सॅफिन यांना तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. पेस यांना विचारला गेला, पण लोकांनी त्यांचे काम पाहून उत्तर द्यावे इतका काळ त्यांनी तिथे घालवलेला नव्हता. वडिलांच्या गावाने दार उघडते, हे मला पटते. आत बसायला पाट मात्र आपला आपणच न्यावा लागतो.

शहापूरकरांच्या तीन चौकांवर मी वाद घालणार नाही. एवढेच म्हणतो की २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या तरुण उमेदवाराकडे यांतला एकही चौक नव्हता, तरी त्याने लाखाच्या वर मते घेतली. निवडून मात्र आला नाही. आणि २०१८ पासून कर्नाटक विधानसभेत समितीचा एकही आमदार नाही, हेही लिहायला हवे, कारण ‘आपला माणूस’ म्हणत बसलेल्या आपणच आपली मते चार दिशांना वाटली आहेत.

मावसभावाला मी काल हा सगळा धागा वाचून दाखवला. सॅफिन आणि नस्तासे यांच्या वेळी तो भाजीच्या पावत्या लावत बसला होता. अलेक्झांडर यांच्या प्रकरणाला त्याने मान वर केली आणि विचारले की त्या माणसाने राजीनामा दिला तेव्हा त्याच्या पक्षाने त्याला पुन्हा तिकीट दिले का. दिले, असे मी सांगितले. “मग ठीक आहे,” म्हणाला, आणि पहाटे तीनला निघायचे म्हणून झोपायला गेला.

गुरुजी (निवृत्त)

टिळकवाडीकर, तुमच्या मावसभावाला सांगा की त्याने मला शाळेत असे प्रश्न कधी विचारले नव्हते. तो माझ्या वर्गात होता, मागच्या बाकावर.